क्विनोलीन आणि चिमूटभर हिराकस

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, कॉलेजच्या प्रयोगशाळेची निवृत्त प्रमुख, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वेच्छेने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही मुलाला शंका असल्यास त्याने मला क्विनोलीन या माझ्या जन्मभराच्या रसायनाबद्दल विचारावे. तासभर बोलायची थांबणार नाही.

१. घर मुलाला. अट एकच, नणंदेच्या आणि आमच्या घरामधली भिंत पाडू नये. क्विनोलीनच्या रेणूत दोन षटकोनी कडी असतात आणि मधली बाजू दोन्हींची एकच असते. नायट्रोजन मात्र एकाच कड्यात असतो. आमच्या दोन घरांत तो मान माझा.

२. ऊर्ध्वपातनाचा काचसंच सुनेला, शोभेसाठी. त्यातून गुलाबपाणी काढू नये. क्विनोलीनचा वास एकदा बसला की हलायचे नाव घेत नाही.

३. तपकिरी काचेतले शेवटचे क्विनोलीन कॉलेजला. ताजे असताना ते पाण्यासारखे दिसते, उजेडात पिवळे आणि मग तपकिरी होते. ज्या भांडारप्रमुखाने पिवळेपणा पाहून माझ्यावर भेसळीचा ठपका ठेवला, त्याला रिकामी बाटलीसुद्धा देऊ नये.

४. हे कलम लिहायला शेहेचाळीस वर्षे लागली. नणंद आणि मी एकाच टेबलावर क्विनोलीन बनवायचो. अ‍ॅनिलीन, ग्लिसरीन, गंधकाम्ल वगैरे तापवले की मिश्रण एकदम उसळते. आधी चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, घातला तर ते ताळ्यावर राहते. तो घालणे माझे काम होते. मी विसरले आणि सगळे छताला जाऊन चिकटले. कोणाला लागले नाही. साहेबांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, हिराकस तिच्याकडे होता. तिला टेबलावरून काढून बाटल्या धुवायला बसवले, ते अकरा वर्षे. बाटली माझ्या एप्रनच्या खिशात होती. मला याची फार लाज वाटते. तोंडाने सांगायला जीभ रेटली नाही. प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल मिळालेले माझे पदक आणि ती हिराकसाची बाटली नणंदेला द्यावी.

ठिकाण : मधल्या भिंतीपलीकडचे नणंदेचे जेवणाचे टेबल. दिनांक : नऊ मार्च, सकाळ.

साक्षीदार पहिला : कोपऱ्यावरचा औषधविक्रेता. सही.

साक्षीदार दुसरी : नणंद. (खोडले. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. पण तोवर तिने सवयीने सगळे वाचून काढले होते. म्हणाली, "वहिनी, बाटली तुझ्या खिशात होती, मी तेव्हाच पाहिली होती." मग बोलली का नाहीस, असे मी विचारले. "तुझी नोकरी नवी होती, आणि हा तुझ्या पोटात होता." मुलगा शेजारीच चहा घेत बसला होता. पदक तिने परत सरकवले. बाटली लगेच उचलली. ती तुझ्या हाती राहायला नको, म्हणाली.)

साक्षीदार दुसरा, बदली : वरच्या मजल्यावरचा शिंपी. सही.

लिहिणारी : सही. अक्षर हलले आहे, ते हसण्यामुळे.