माझी सही, माझ्याबिगर

माझ्या मायला उसाच्या फडावरून बबिताचा नमस्कार.

बोटाला कोयता लागला होता, आता बरं हाय, फिकर करू नको. इथं नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतेत. मला नावानं कुणी हाक मारून दोन महिने झाले.

सृष्टी बाळा, आजीला हे मोठ्यानं वाचून दाखव. पोटभर जेवतीस ना?

माय, सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. मागल्या साली मी इथं ऊस तोडत होते, अन् तिकडं हजेरीत कुणीतरी माझी सही केली. त्याच सभेत पाण्याची टाकी वरच्या गल्लीत गेली. तू अजून हंडा घेऊन विहिरीवर जातीस.

यंदा तू जा. पुढं बस. सह्या मोठ्यानं वाचायला लाव. माझं नाव आलं की उभी राहून सांग, माझी लेक इथं न्हाई.

तुझीच,
बबिता