असा रेडिओ एकच

३ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. व्यावसायिक माणसाने नोंदी ठेवाव्यात. (‘व्यावसायिक’ शब्दकोशात पाहून लिहिला आहे.)
व्यवसाय: व्हिंटेज वस्तूंची खरेदी आणि विक्री. पैकी खरेदी झाली आहे.
स्टॉक: दोन टाइपरायटर, एकात ‘क’ नाही. चार भिंतीवरची घड्याळं, चौघांची चार मतं. सात कंदील. एक खोकंभर कुलपं, एक डबाभर किल्ल्या. एकमेकांशी संबंध नाही. एक रेडिओ, मुका.
सगळं ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत. मीही तिथेच, कंदील आणि भिंत यांच्यामध्ये.
ताईला डॉक्टरांनी एप्रिलची तारीख दिली आहे. बाळासाठी ही खोली हवी. भावोजी म्हणाले, मार्चअखेरपर्यंत सगळं विकून दाखव, मग तुझा धंदा तू कर, मी तुला समोरच्या गल्लीत गाळा बघून देतो. नाही विकलं तर भंगारवाला, आणि एक तारखेपासून माझ्या मित्राच्या गोदामात पॅकिंगला. हे ते शांतपणे म्हणाले. भावोजी ओरडत नाहीत, हाच मोठा त्रास आहे.
मार्चअखेर म्हणजे भरपूर वेळ.

९ जानेवारी, शनिवार
रेडिओ पॉलिश केला. तीन वेळा. आरसा झाला. स्टेशन लावायचं बटण काढून जमिनीवर ठेवलं होतं, मध्येच ताई झाडून गेली. बटण गायब. कॉटखाली पाहिलं, केरात पाहिलं. ताईला विचारणार होतो, पण ती झोपली होती आणि उद्या रविवारचा जुना बाजार.
दुपारी तोडगा सुचला. स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरची मूठ. पांढरी, चिनीमातीची, वर निळं फूल. आत कागदाची घडी कोंबली (चार पदरी, कडा जुळवून) आणि मूठ अशी बसली की जन्मापासून तिथेच होती.
ड्रॉवर काय, बोटांनीही उघडतो.

१० जानेवारी, रविवार
पहिली विक्री!!
दिवसभर कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी सगळे पथाऱ्या गुंडाळत होते तेव्हा चौकड्यांचा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले. खांद्याला भली मोठी पिशवी. कलेक्टर असणार. त्यांनी मुठीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं की कारखान्यात एके दिवशी बटणं संपली, तेव्हा कारागिरांनी हाताला आलं ते लावलं, असा रेडिओ जगात एकच. हे खोटं म्हणता येणार नाही. जगात तसा एकच आहे.
घेऊन गेले. बदल्यात रोख थोडी आणि ग्रामोफोनच्या तीन पिना, एक बरणी, एक पुतळ्याचा हात.
ड्रॉवर बोटांनी उघडत नाही.

१७ जानेवारी, रविवार
शेजारी टोपीवाले काका बसतात. या बाजारात तीस वर्षं. त्यांनी माझा डिस्प्ले पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, बाळा, घासून घासून पार नवरदेव केलास की रे सगळ्यांना. जुनं घ्यायला येणाऱ्याला डाग लागतो, डाग! त्यांच्याकडचं पितळ ते चहाच्या पाण्याने काळं करतात.
काका आणखी एक गोष्ट म्हणाले. ते चौकड्यांचे गृहस्थ कलेक्टर नाहीत, मागच्या रांगेत पथारी लावतात. इथे संध्याकाळी सगळे एकमेकांचाच माल घेतात, म्हणजे घरी निदान वेगळं ओझं जातं. गिऱ्हाईक कुठलं रे, या हाताचं त्या हाताला.
काकांचं वय झालं आहे. या वयात माणूस कडवट होतो.

७ फेब्रुवारी, रविवार
पाऊण दिवस उभा. पाठ गेली. एक कंदील गेला, दोन कंदील आले. पण आलेले जास्त काळे आहेत, म्हणजे नफाच.
ताई ड्रॉवर उलथन्याने उचकटायला गेली, उलथनं वाकलं. मला विचारलं, मूठ कुठे गेली रे? मी म्हणालो, जुनी घरं, जुनी मूठ, पडते कधी कधी. ती म्हणाली, घर सहा वर्षांचं आहे.
आजपासून नवं काही घ्यायचं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार
शिवणयंत्राचं पायडल. नुसतं पायडल. पण ते घेतलं नसतं तर दुसऱ्याने घेतलं असतं.

२ मार्च, मंगळवार
भावोजींनी खोलीच्या दारातून टेपने माप घेतलं. आत येता येत नव्हतं म्हणून दारातूनच. पाळणा कुठे बसेल असं स्वतःशीच म्हणाले. माझ्याकडे पाहून हसले. ओरडले असते तर बरं.
ताईच्या पायाला सूज आहे. रात्री अडगळ ओलांडताना पडली तर, या विचाराने दोन कंदील उचलून उशाशी घेतले. आता मी वळू शकत नाही.

१४ मार्च, रविवार
अवकाळी पाऊस. कोणी नाही. काकांनी अर्धा चहा दिला आणि विचारलं, पोरा, तुला हे आवडतं का विकायला आवडतं? दोन्ही एकदम होत नाही म्हणाले. मी चहा हुंगून पाहिला. चहा वस्तूंवर ओतायचा होता की काय अशी शंका आली होती.

२१ मार्च, रविवार
विक्री: नाही. खरेदी: नाही. (पुतळ्याचा दुसरा हात मिळाला, पण तो भेट.)
दोन्ही उजवे आहेत.

२८ मार्च, रविवार
चमत्कार. अक्षर सांभाळून लिहितो.
शेवटच्या रांगेतल्या बाईंकडे एक रेडिओ दिसला. काळाकुट्ट, कोपऱ्यात जळमट, अस्सल जुना. आणि त्याला तशीच एक वेगळी, मळकी मूठ! मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, बघा बाबा, कारखान्यात त्या दिवशी बटणं संपली होती, कारागिरांनी हाताला आलं ते लावलं.
मी जे नुसत्या अंदाजाने बोललो होतो त्याला आज पुरावा मिळाला, तोही अनोळखी तोंडून. म्हणजे असे दोन होते! पहिला मी अज्ञानाने घालवला. हा घालवायचा नाही.
बाई हटत नव्हत्या. शेवटी सौदा ठरला: माझ्या सगळ्या स्टॉकच्या बदल्यात हा एक रेडिओ. टाइपरायटर, घड्याळं, कंदील, कुलपं, किल्ल्या, पायडल, दोन्ही हात. काका म्हणत होते, अरे थांब, अरे जरा नीट बघ. मी थांबलो नाही. बाईंची मुलं हातगाडी घेऊन घरी आली आणि खोली रिकामी झाली. ताई दारात उभी राहून रडली. आनंदाने असावं.
हा एक रेडिओ योग्य माणसाला विकला की गाळा नक्की. तीन दिवस आहेत.

२९ मार्च, सोमवार
सकाळी रेडिओ स्वयंपाकघरात होता, ताईने मला न विचारता ओलं फडकं घेतलं. म्हणाली, इतकी घाण बाळाच्या घरात नको. मी ओरडलो की ते जुनेपण आहे, पुसू नकोस. तोवर मुठीवर फडकं फिरलं होतं. फडक्याला चहाचा वास. मुठीवर निळं फूल.
ताईने वरच्या ड्रॉवरच्या मुठीकडे पाहिलं, मग खालच्या भोकाकडे, मग माझ्याकडे. मग रेडिओची मूठ फिरवून काढली. आतून कागदाची घडी पडली. चार पदरी, कडा जुळवलेली.
मूठ बसवून तिने ड्रॉवर ओढला. अडीच महिन्यांनी उघडला. आत कात्री, मेणबत्त्या, थर्मामीटर, आणि एक तपकिरी बटण. ताई म्हणाली, हे तुझ्या खोलीत झाडताना सापडलं होतं, जपून आत टाकलं, तुला द्यायचं तर दुसऱ्या दिवसापासून हा मेला उघडतच नव्हता.
मी बटण रेडिओला लावलं. चपखल.
आता तो साधा रेडिओ आहे. बाजारात असे कमीत कमी सहा आहेत.

३१ मार्च, बुधवार
भावोजींनी विचारलं, वाजतो का? मी म्हणालो, प्रश्न तो नाही. ते बरं म्हणाले आणि गोदामाचा पत्ता दिला. भंगारवाल्याला बोलवावं लागलं नाही, याबद्दल माझी पाठ थोपटली.
पाळणा खिडकीपाशी बसला.

४ एप्रिल, रविवार
मुलगी. दोघी दवाखान्यात, दोघी ठीक.
तीन दिवस पॅकिंग केलं. पाठ तशीच दुखते, फक्त खोकी माझी नसतात.
बाजाराला गेलो नाही. घरी कोणी नाही. बैठकीत रेडिओशेजारी बसून होतो. ताईने फोनवर थर्मामीटर आणायला सांगितला, खालच्या ड्रॉवरमध्ये बघ म्हणाली. मुठीला एक बोट लावून ओढला. आवाज नाही, अडकणं नाही. बंद केला. पुन्हा उघडला.
माझ्या हातून गेलेली आणि चालू स्थितीत परत आलेली ही एकच वस्तू. थर्मामीटर घेऊन निघायला उशीर झाला.