बाबांच्या पिकअपला गिअरबॉक्स मिळाला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखर आडवं पडून घातलेला आहे. सध्या मला आडवंच पडता येतं, कंबरेचं पुढे येईलच.)

विनंती विशेष. इकडे सगळे मजेत. तुमचे डोळे कसे आहेत? थेंब वेळेवर घालता ना? की लेक कामावर गेली की बाटली उशीखाली आणि तुम्ही पेपर घेऊन गच्चीवर? मामी सांगत होत्या, लेकीकडे जाताना तुम्ही छत्रीला, चष्म्याच्या डबीला आणि दाढीच्या डब्यालासुद्धा तुमचा तो पिवळा ठिपका काढून नेलात. उत्तम केलंत. माणसाने आपल्या वस्तूवर खूण ठेवावीच. तुमच्या घरची शिडी, कुदळ, हातोडी, सगळ्यांवर तो रंगाचा ठिपका बघून लहानपणी मला वाटायचं की चांगल्या वस्तू ठिपक्यासकटच जन्माला येतात. एकदा तुम्ही माझ्या कपाळालाही लावला होतात, आणि आईने तो रॉकेलने पुसला होता. असो.

पत्राला कारण म्हणजे बाबांची पिकअप. तुम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच निळ्या रंगाच्या दोन घेतलेल्या, त्यातली आमची. (दोघेही मेहुणे डाव्या पायाचे आळशी, म्हणून क्लच नसलेल्या, ऑटोमॅटिक. ही मामींची टीका आहे, माझी नाही.) बाबा गेल्यावर मी ती जमेल तशी चालवत होतो. पण मागच्या महिन्यात तिने मान टाकली. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मी घरात ओरडलो की जे होतं, तेच. रिव्हर्स तर आधीच गेला होता, त्यामुळे मी गेलं वर्षभर जिथे मागे घ्यावं लागणार नाही अशाच ठिकाणी जात होतो. मेकॅनिक आला, खालून बघितलं, तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि कोणाच्या तरी घरी सांत्वनाला आल्यासारखा म्हणाला, गिअरबॉक्स जळाला, या मॉडेलचा आता नवा मिळत नाही, भंगारात द्या.

हे आमच्या सौभाग्यवतींच्या कानांवर पडायला नको होतं. तिला गाडी उभी असते त्या जागेत कपडे वाळत घालायला शेड हवी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिने तिथल्या तिथे भंगारवाल्याला रविवारचं सांगून टाकलं. मी म्हटलं, अगं, बाबांची गाडी आहे. ती म्हणाली, बाबा असते तर त्यांनी ती दुरुस्त तरी केली असती. पण खरी पंचाईत ती नव्हतीच, मामा. खरी पंचाईत आईची. (तुमची बहीण गप्प बसली की आमच्या घरात भांडीसुद्धा हळू वाजतात.) तिने फक्त मटारची परात उचलली, अंगणात गेली, बंद गाडीचं दार उघडून खिडकीशेजारच्या तिच्या जागेवर बसली आणि शेंगा सोलू लागली. दुसऱ्या दिवशी निवडायचे तांदूळ घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी काहीच न घेता. तेव्हा मात्र मी ठरवलं. म्हटलं, काय वाटेल ते होवो, रविवारच्या आत ही गाडी चालली पाहिजे.

आता गिअरबॉक्स आणायचा कुठून? जुन्या मालाचे सगळे बाजार पालथे घातले. एकाने तर मला पाण्याच्या पंपाचा डबा दाखवून 'बसवून घ्या, बसेल' म्हणून सांगितलं. शेवटी काखेत कळसा आणि गावाला वळसा! जवळच एका सद्‌गृहस्थांच्या शेडमध्ये अगदी याच मॉडेलची गाडी नुसती उभी होती. गृहस्थ बाहेरगावी, पण घरच्या माणसांनी मोठ्या मनाने 'काढून न्या' म्हटलं. मामा, जगात अशी माणसं अजून आहेत. अत्यंत उदार, प्रेमळ, नात्यागोत्याला धरून राहणारा, कोणावर आवाज न चढवणारा माणूस. तुम्हाला भेटवीन म्हणतो.

मदतीला मेहुणा आला, म्हणजे हिचा भाऊ, शिंपी. तुम्ही हसाल, पण त्याच्यासारखा हात शोधून सापडणार नाही. तो गाडीखाली गेला तोच गळ्यात टेप अडकवून आणि तोंडात खडू धरून. एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्याने गिअरबॉक्सची आकृती बेतली, आणि जिथला बोल्ट निघेल तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून तो खोचत गेला. शर्टाची बटणंसुद्धा मी अशी सांभाळत नाही. जॅक आणि पाने तुमच्या शेडमधले आणले. (मामींना विचारून. ठिपके शाबूत आहेत.) आधी सद्‌गृहस्थांच्या गाडीचा बॉक्स उतरवला, मग आमचा जळका. तुम्हाला सांगतो, लग्नातली सगळी जेवणाची भांडी एकात एक घालून भरावीत एवढं त्याचं वजन. तो जॅकवर धरून इंचाइंचाने खाली घेताना माझ्या कंबरेने जो आवाज केला, तो ऐकून मेहुणा म्हणाला, 'भावजी, शिवण उसवली.' डोळ्यांत तेल घालून काम करतात म्हणतात ना, माझ्या डोळ्यांत ते खरोखरच गेलं. लाल असतं आणि झोंबतं.

नवा (म्हणजे जुना, पण चांगला) बॉक्स वर चढवायच्या आधी त्याच्या तोंडाशी एक पातेल्याएवढा गोल डबा असतो, तो फिरवत फिरवत आत बसवावा लागतो. तो पूर्ण आत गेला नाही आणि तसाच बोल्ट आवळला तर सगळा खेळ खलास. मी खोदून विचारल्यावर मेकॅनिक सांगून गेला होता की तो टप्प्याटप्प्याने खट् करून आत जातो. आम्ही जेवण सोडून डब्याला कान लावून बसलो. सौभाग्यवती पाणी द्यायला आली आणि दोन थोर पुरुष एका डब्याला मिठी मारून डोळे मिटून बसलेले बघून पाणी तसंच परत घेऊन गेली. शेवटचा खट् आला तेव्हा मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं बसवून झाल्यावर पुठ्ठ्यावर दोन बोल्ट उरले. मी घाबरलो. तो शांतपणे म्हणाला, 'भावजी, चांगल्या शिंप्याकडे थोडं उरतंच,' आणि खिशात टाकले. मी ते खिशातून काढायला लावले, पुन्हा गाडीखाली पाठवला, तेव्हा त्यांची भोकं सापडली.

रविवार उजाडला. भंगारवाला सकाळीच हातगाडी घेऊन दारात हजर. आई तिच्या जागेवर, मांडीवर मटार. उतर म्हटलं तर ऐकेना. मी देवाचं नाव घेतलं, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. दांडा 'डी'वर टाकला, म्हणजे पुढे. गाडी ढिम्म. पुन्हा टाकला. ढिम्म. सौभाग्यवती दारात हाताची घडी घालून उभी. ती हसली नाही हो, मामा, तेच वाईट. तिने नुसता पदर तोंडाशी धरला. माझा धीर सुटला. हताश होऊन दांडा मधे, न्यूट्रलला आणला, आणि गाडी सुसाट मागे! कपडे वाळत घालायची दोरी तोडून, तिच्यावरच्या दोन चादरी अंगावर घेऊन, हातगाडी चुकवून, थेट कुंपणाला. (भंगारवाला हातगाडी टाकून पळाला. अजून न्यायला आलेला नाही.) चादरीखाली काही दिसेना. मी आई, आई म्हणून ओरडतोय, तर आतून मटारांच्या वर्षावात आईचा आवाज आला, 'चालली रे! चालली!' मेहुण्याने दांड्याची जोडणी एक घर चुकवली होती, एवढंच. एक घर सरकवली आणि गाडी शहाण्यासारखी पुढे गेली. संध्याकाळी सौभाग्यवती स्वतःहून पुढे बसली आणि आम्ही तळ्यापर्यंत जाऊन आलो. रिव्हर्स इतका छान आला आहे की मी येताना उगीचच बराच वेळ मागे आलो.

बाकी सर्व क्षेम. लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. थेंब घालत जा.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. बॉक्स रॉकेलने धुतला तेव्हा सगळी घाण गेली, पण तळाशी एक पिवळा ठिपका होता, तो काही केल्या जाईना. मेहुण्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, कंपनीची खूण असेल.

ता. क. २. मामा, ओरडू नका, डोळ्यांवर ताण येतो. गाडीखाली शिरून गिअरबॉक्सला ठिपका लावणारा माणूस जगात एकच आहे, हे मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. तुमच्या गाडीचा बॉक्स काढताना उजेडाला बॅटरी मामींनी धरली होती. डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं कायमचं बंद केलंय, हे तुम्हाला सांगायची हिंमत महिनाभर घरात कोणालाही झाली नाही. मामी म्हणाल्या, आता सांगायला नको, गाडीच सांगेल. रागावायचं तर माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको. आणि मोठी विनंती म्हणजे बसने परत येऊ नका. आई आणि मामी दोघींना घेऊन मी त्याच गाडीने तुम्हाला न्यायला येतो. तुमचा गिअरबॉक्स, बाबांचं इंजिन, सबंध रस्ताभर मला शिव्या द्यायला तुम्ही मोकळे.

ता. क. ३ (आईच्या हातचं): दादा, हा सांगतो त्यातलं निम्मं खोटं. तुझा बॉक्स काढा हे मीच सांगितलं. तुझं ते माझं, यात विचारायचं काय? ते असताना त्यांच्या शेजारची खिडकीची जागा माझी होती. ती तुला दिली. मी आणि वहिनी मागच्या बाकावर बसू. सीटवर तुझा पिवळा ठिपका काढून ठेवलाय, म्हणजे तिथे दुसरं कोणी बसायचं नाही. रंग वाळायला वेळ लागतोय, पांढरी पँट घालू नकोस.