बारा वाजताच्या उन्हात सासूबाई

रवि. १ एप्रिल २००१

आज ग्रुपमध्ये पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि उघडलं तेही भांडायलाच. गुप्ताभैयांच्या चौबे कॉलोनीतल्या गच्चीवर दर रविवारी आम्ही हौशी लोक आठवड्याचे फोटो घेऊन जमतो, एकमेकांच्या चुका काढतो, चहा पितो. आज भैयांनी सांगितलं, मे महिन्यात प्रदर्शन. विषय, ‘राजधानी की धूप’. आपलं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून त्यांना सगळ्यातच राजधानी दिसते. प्रत्येकाचा एक फोटो, पण तो पास व्हायला पाहिजे.

आणि नेहमीचा नियम. “सुबह नौ के पहले, शाम चार के बाद. दोपहर में कैमरा बैग में.”

मी म्हटलं, “भैया, मेरे पास तो दोपहर ही है.” सगळे हसले. हसतील नाहीतर काय. माझी शाळा सकाळची, संध्याकाळी ट्यूशनची पोट्टी. मधल्या वेळातच मी माझी असते.

“दोपहर में चेहरे पर आँख नहीं आती दीदी, गड्ढे आते हैं.”

स्कूटरवर ह्यांना सांगितलं, मी दुपारचाच फोटो देणार. हे म्हणाले, “झालं. आता घरात कोनाचं खरं नाही.”

मंगळ. ३ एप्रिल

शाळा सुटल्यावर गेटवरच्या पेरूवाल्याला उभं केलं. गड्ढेच. डोळे गायब, नाकाची सावली ओठावर. भैयांचं खरं निघालं याचा जास्त राग आला.

ग्रुपची टीप, हनुवटीखाली पांढरं काहीतरी धरा, ऊन खालून उलटून तोंडावर येतं. पिंकीला उभं केलं, थर्माकोल धरला. “मम्मी, आँख में लग रहा है,” आणि पळाली. ही पोट्टी मराठीत चिडतही नाही.

शुक्र. ६ एप्रिल

सापडलं. सापडलं सापडलं.

घरात कुरडयांची गडबड. सासूबाईंनी (रोज एवढं लांब कोण लिहिणार, सा.बा. लिहिते) मामंजींची जुनी धोतरं काढली, गच्चीभर अंथरली, वर कुरडया. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेली. सा.बा. वाकल्या होत्या, डोक्यावर पदर, सूर्य अगदी माथ्यावर. आणि तोंड लख्ख. डोळे, सुरकुत्या, पापण्यासुद्धा. धोतरांचा उजेड खालून येत होता. मी आठ वर्षं ह्या गच्चीवर वाळवण घालून राहिली, आणि थर्माकोल शोधत फिरून राहिली.

“आई, हलू नका.”

“काहून? साप हाय का?”

कॅमेरा आणेपर्यंत त्या खरंच हलल्या नाहीत बिचाऱ्या. अर्धा रोल संपवला.

रवि. ८ एप्रिल

रोल धुऊन आला. कोळसा. सा.बा. जणू सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून पाळी संपवून आल्या. धोतरं राखाडी, तोंड काळं. रडायलाच आलं, तरी तसेच घेऊन गेली ग्रुपमध्ये.

भैया हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या कॅमेऱ्यातली उजेड मोजायची सुई पांढरं बघून घाबरली, तिनं उजेड कमी घेतला. “सुई को धोती मत दिखाइए. उसी धूप में अपनी हथेली दिखाइए, फिर सेटिंग मत छूइए.” एवढंच. मग प्रिंट परत हातात घेऊन, “पर रोशनी आपने सही पकड़ी है.”

येताना ह्यांना हे वाक्य किती वेळा ऐकवलं ते हेच जाणोत.

बुध. ११ एप्रिल

परत कुरडया. तळहात दाखवला, सेटिंग ठेवली, तयार.

पण आज सा.बा. तोंडावरचा पदर काढेनात; त्या दिवशी वर एकट्या होत्या, मग सापाच्या भीतीनं विसरल्या. पुढचे दात काढल्यापासून असंच चाललंय. समता कॉलोनीच्या डॉक्टरकडे कवळी बनून राहिली, तोवर घरातही पदराआडून बोलतात. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसतात.

तेवढ्यात वानर आलं. ओली कुरडई उचलली अन् टाकीवर जाऊन बसलं. ती त्याच्या बोटांना चिकटली. हात झटकतंय, दुसऱ्या हातानं काढतंय, तर ती त्या हाताला. मग तोंडानं काढायला गेलं तर मिशीला. सा.बा. काठी घेऊन धावल्या आणि मध्येच थांबून हसायला लागल्या. पदर खांद्यावर, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. अशा हसलेल्या मी त्यांना मामंजी गेल्यापासून पाहिल्या नाहीत.

बटण दाबलं. एकदाच. नीट टेकून उभीही नव्हती. हलला असेल तर

शनि. १४ एप्रिल

नाही हलला.

लॅबच्या पायरीवरच बसून पाहिला. कुठून पाहू असं झालं. धोतरं पांढरी, कुरडया एकेक मोजता येतील अशा, आणि मधोमध सा.बा., बारा वाजताच्या उन्हात, एक सावली नाही तोंडावर. हा मी काढला. मी.

रवि. १५ एप्रिल

पास. भैयांनी बराच वेळ पाहिला. “ये दोपहर का है?” हव म्हटलं, बाराचा. “तो मेरा नियम गया.” महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठी प्रिंट द्यायची.

आणि आज टीप मी दिली. सगळे विचारून राहिले, मी सांगून राहिली. बँकेतले एक साहेब गंभीरपणे, “हमारे यहाँ धोती नहीं है, चादर चलेगी?” चलेगी म्हटलं, बस धुली हुई हो.

सोम. १६ एप्रिल

सा.बा. नाही म्हणाल्या.

पुरता पाहिलाही नाही. “माह्यं बोळकं दाखवतं लोकाइले?” मी उजेडाबद्दल बोलायला गेली तर म्हणे, “उजेड दाखव ना मंग, मले काहून दाखवतं. फोटो एकडाव निघाला का निघाला. उद्या मी गेली का हाच टांगसान अन् हार घालसान.”

हे म्हणाले, आईला नको तर नको. मलाही कळतं ते. पण मला एवढं कधीच काही पाहिजे नव्हतं. स्वयंपाक केला, भांडी आपटत.

गुरु. १९ एप्रिल

कवळी आली. सा.बा. आपणहून म्हणाल्या, “आता काढ, दाताचा.” जांभळं लुगडं नेसल्या, खुर्ची वर न्यायला लावली. वाळवायला काही नव्हतं तरी धोतरं अंथरली. “तुह्या उजेडासाठी,” म्हणे. मग मला कसं रागावता येईल.

तळहात, सेटिंग, सगळं बरोबर. त्या बसल्या ताठ, ओठ मिटून. मी म्हटलं, दात दाखवा की. दाखवले. सगळे.

मंगळ. २४ एप्रिल

दोन्ही मोठ्या प्रिंट आल्या. सा.बा. दाताच्या फोटोवर खूश, शेजारणीला बोलावून दाखवला. हसऱ्याकडे पाठ.

भैयांना फोन केला, दुसरा देऊ का? रविवारी तोही दाखवून आणला होता. “दीदी, वो तो राशन कार्ड है. हँसी वाली लाइए.”

सा.बा. प्रदर्शनाला कशाला येतील. न सांगता दिला तर त्यांना कळणारही नाही. हे मनात आलं. लिहून टाकलं म्हणजे जाईल.

शुक्र. २७ एप्रिल

शाळेतून आली तर सा.बा. खिडकीशी, चष्मा लावून. हातात हसरा फोटो. मी दारातच थांबली.

“वैजू, हे तुह्या मामंजीचं धोतर व्हय. काठ पाह्य. माह्या भावाच्या, पंढरीच्या लग्नातलं.” बोट काठावरून फिरवत होत्या. मग तोंडावर आल्या. “मी अशी हसतो?”

“हो.”

“मले त मालूमच नाही.”

मग फोटो उलटा ठेवला, भाजी निवडायला बसल्या. मीही शेजारी बसून निवडायला लागली.

रवि. २९ एप्रिल

दुपार. घाईत लिहिते.

सकाळी सांगितलं, आई, तुमच्या मनाविरुद्ध काही देणार नाही, दाताचा देते, नापास तर नापास. रडायला येत होतं, पण म्हटलं.

त्या म्हणाल्या, “मीबी येतो तुह्यासंगं.”

“कुठे?”

“तुह्या त्या गुप्ताकडे. कोनता द्याचा थे मी तिथं सांगतो.” दोन्ही फोटो त्यांनीच पिशवीत घातले. मला हातही लावू दिला नाही. पिंकी म्हणे, “दादी, मैं भी.”

आता जांभळं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या आहेत, पिशवी मांडीवर. रिक्षा येऊन उभी राहिली. मी कॅमेरा घ्यायला आत आली तर मोरीपाशी वाटी दिसली. कवळी वाटीतच आहे.

विसरल्या की

सांगू की नको. बाहेरून हाक मारून राहिल्या, “चाल ना वं, ऊन उतरून राहिलं.”