सात सेकंदांची सपाट रेघ

अल्जीयर्स, रविवार

प्रिय बाबा,

आई सांगत होती, तुम्ही डॉमिनो खेळायला जाणं सोडलंत. मोहंद सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, "अक्ली, धरण हललं की तुझी मान डुलली?" हसू दे त्याला. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्याच समोर बसणार आहात.

धरणावरची हादरे मोजणारी पेटी आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. धरणावरच्या पहाऱ्याच्या तुमच्या वहीत दुपारी तीन-चाळीसला हादरा लिहिलाय, पेटीच्या आलेखात तिथे सपाट रेघ. तेवढ्यावर धरणाच्या हमूश साहेबांनी तुम्हाला झोपाळू ठरवून घरी बसवलं. मी आलेख बाजूला ठेवून मूळ आकडे उघडले. तीन-चाळीसला वेळ एकदम सात सेकंद पुढे जाते. मधले आकडेच नाहीत. आलेखाने दोन टोकं जोडून रेघ ओढली होती.

सेन्सरचे आकडे उचलणारा जो प्रोग्रॅम पेटीच्या गाभ्यात बसतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. तो एकेक आकडा उचलून छोट्याशा बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवायचा, तिथून ते मेमरी कार्डावर लिहिले जायचे. कार्ड जुनं, मधेच अडून बसायचं. तेवढ्यात बफर भरायचा आणि ड्रायव्हर पुढचे आकडे गुपचूप टाकून द्यायचा. मी मुद्दाम कार्ड अडवलं, फरशीवर घण घातला. रेघ हललीसुद्धा नाही.

नवा ड्रायव्हर मी लिहिलाय. सेन्सरच्या पोटातच थोडी जागा असते. आता सेन्सर बत्तीस आकडे साठवून एकदाच हाक मारतो, ड्रायव्हर ते एका खेपेत उचलतो आणि बफरमध्ये पूर्ण दोन मिनिटांचे आकडे मावतात. तरीही एखादा सांडलाच, तर किती सांडले ते तो लिहून ठेवतो. पुन्हा कार्ड अडवून घण घातला, प्रत्येक घाव उमटला. वरच्या मजल्यावरची बाई भांडायला आली, तिने जाताना दार आपटलं, तेही आलेखात दिसतंय.

मंगळवारी हमूश साहेब कामावर परत घेतल्याचं पत्र घेऊन घरी येतील. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडून कळायला हवी. तो जुना ड्रायव्हरही माझाच होता, बाबा, नोकरीच्या पहिल्या वर्षातला. मी अहवाल लिहिताना साहेब म्हणाले, "नुसती 'तांत्रिक चूक' लिही, नाव कशाला?" मी माझं नाव लिहिलं. कामावरून काढलं त्या दिवशी घरी येऊन तुम्ही मला विचारलं होतंत, "पोरी, यंत्र चुकू शकतं का गं?" आणि मी ताटावरून मानही वर न करता म्हणाले होते, "नाही, बाबा." ते उत्तर परत घ्यायला हे पत्र लिहिलं.

तुमचीच,
तस्सादित