भांडं अजून निवलेलं नाही

मंगळवार, संध्याकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तिच्यासारखाच हट्टी, पण जिना चढते. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देते आहे. ती म्हणाली, "तुम्हा भावंडांची भांडणं कारखान्यातच मिटवा बाई, माझ्या डोक्याला ताप नको."

खाणीवरून टायटॅनियमची काळी वाळू वेळेवर येते आहे, मालाला तोटा नाही. चार नंबरच्या भांड्याने मात्र माझी झोप उडवली आहे. उद्या खरेदीदारांच्या डोळ्यांदेखत झाकण उघडून ताजं टायटॅनियम दाखवायचं, असा मॅनेजरसाहेबांचा, म्हणजे तुझा, हुकूम. दादा, भांडं निवलेलं नाही. बाहेरून हात लावला तर गार लागतं, पण पोटातला गोळा अजून धगधगतो आहे. हवा लागली की पेटेल. आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. हे मला तूच शिकवलंस आणि आता मीच तुला सांगत बसले आहे!

भांडं उघडायच्या परवानगीवर मी सही करायला नाही म्हटलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर हसलास. "लहानपणापासून घाबरट आहे ती." मला इतका राग आला की घरी येऊन आईवरच खेकसले.

मग तू झाकण उघडायला माझ्या हाताखालच्या फिटरला परस्पर गाठलंस. तो बिचारा "हो साहेब" म्हणून मोकळा झाला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. मी नुसती अडून बसले, तर तू आणखी कुणाला तरी उभं करशील, हे मला कळतं.

मघापासून टाळते आहे ते आता लिहिते. त्याला मी उद्याची सुट्टी दिली आहे. झाकणाचे बोल्ट मी सोडणार. आईला यातलं काही ठाऊक नाही. मला फार भीती वाटते आहे, दादा.

दोन दिवस थांबलास, तर खरेदीदार कुरकुरतील आणि चहा पिऊन जातील. थांबायचं नसेल, तर सकाळी माझ्या शेजारी येऊन उभा राहा आणि "सोड" म्हणून तुझ्या तोंडाने सांग. तुझ्या केबिनच्या काचेमागून हात हलवलास, तर मी ऐकणार नाही.

उद्या सकाळपर्यंत तरी नक्की तुझी,
धाकटी