बाबांचा ग्लास

मझिया,
मी कुतायसीला जातेय. काल मळलेली चहाची पानं ओल्या फडक्याखाली आहेत, तांबूस झाली की उन्हात पसर. आजीच्या चहात लवंग एकच टाक, दालचिनी आणि संत्र्याची साल मात्र हात राखून टाकू नकोस. ती रोजच्यासारखा तुझ्या बाबांचाही ग्लास भरेल. लढाईत बेपत्ता झालेला माणूस कधीही दारात उभा राहील, म्हणेल. वाद घालू नकोस. गार झाला तर दुसरा ओत, पंधरा वर्षं मीही तेच केलं.

कालचा कुतायसीहून आलेला फोन त्याच्याबद्दलच होता. तोंडाने सांगवलं नसतं, म्हणून कागदावर. येताना वाइन आणेन, मेलेल्याच्या नावाने पावावर ओतायला. आजीला मीच सांगेन. आजचा दिवस तिला चहा ओतू दे.
आई